उमललेल्या फुलांवर मारू नये

मेहुणी: तुम्ही कितीही ओरडा भाऊजी, नळीवरचा पाय मी काढणार नाही.

मी: माझी बाग आहे ही.

मेहुणी: बाग तुमची. वारा कोणाचा? तो भिंत बघून थांबतो का?

फवारणीवाला: मॅडम, नळी रबराची आहे. आत दाब आहे. पायाखाली चिरली तर औषध तुमच्याच अंगावर उडेल.

मेहुणी: उडू दे. मी निदान दवाखान्यात जाऊन सांगू शकेन काय उडालं ते. माझ्या माश्यांना ते जमत नाही.

फवारणीवाला: माश्या? साहेब तर म्हणाले भुंगेरे आहेत. माश्यांचं औषध वेगळं येतं.

मी: मधमाश्या. भिंतीपलीकडे हिच्या पेट्या आहेत. ही माझी मेहुणी. बायकोची धाकटी बहीण. तू लक्ष देऊ नकोस, तू पंप मार.

फवारणीवाला: अच्छा, म्हणजे घरचंच माणूस. मला वाटलं शेजाऱ्यांची तक्रार.

मेहुणी: शेजारीच म्हणा. ताई होती तोवर घरचे होतो. ती गेली आणि आम्ही भिंतीपलीकडचे झालो.

मी: भिंत मी नाही बांधली.

मेहुणी: नाही, तुम्ही नुसतं भिंतीवरून डोकं काढून हुकूम सोडता. काल काय म्हणालात? उद्या पेट्या झाकून ठेव. जसं काही दुधावर ताटली ठेवायचीय.

मी: सांगितलं ना तुला. न सांगता मारलं असतं तर?

मेहुणी: भर उन्हात पेट्या झाकल्या तर आतल्या गुदमरून मरतात. बाहेर गेलेल्या परत आल्या की दार बंद. त्यांनी काय तुमच्या ओट्यावर बसून वाट बघायची?

फवारणीवाला: मॅडम, घाबरायचं काम नाही. एक नंबर माल आहे. परवा एका डॉक्टरांच्या बागेत मारला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने झाडूने गोळा केलं, टोपलीभर.

मेहुणी: काय गोळा केलं?

फवारणीवाला: सगळंच. भुंगेरे, मुंग्या, फुलपाखरं. एक सरडा पण होता.

मेहुणी: ऐकलंत भाऊजी? सरडा पण होता.

मी: मला सरड्याचं काही देणंघेणं नाही.

मेहुणी: औषधाचं नाव काय रे?

फवारणीवाला: नाव आता... लेबल निघालं पाण्याने. पण मी वासावरून ओळखतो.

मी: आज मारायचंय ते त्याच्या डब्यातलं नाही, मी दुकानातून नवीन बाटली आणलीय. ही घे, बघ. काही चोरून चाललेलं नाही.

मेहुणी: द्या इकडे. हे काय लिहिलंय, वाचू? उमललेल्या फुलांवर मारू नये. मधमाश्या फिरत असताना मारू नये. छापलंय, मी म्हणत नाही. तुमच्या चष्म्याला हे दिसलं नाही?

मी: दिसलं.

मेहुणी: दिसलं आणि?

मी: आणि काय. सगळं उमललेलंच आहे. उमललेल्यावर नाही मारायचं तर मारायचं कशावर, कुंपणावर?

मेहुणी: मग निदान अंधार पडल्यावर मारा म्हटलं असतं, पण तेही चालत नाही. रात्री मारलेलं सकाळी पाकळीवर असतंच. सकाळी त्या येणार, पायाला लावून पेटीत नेणार, पिलांना भरवणार.

मी: अंधार पडेपर्यंत काय शिल्लक राहणार आहे? मागे वळून बघ तरी. त्या कोपऱ्यातला गुलाबी गुलाब बघ. काल कळी होती. आज एका फुलात मूठभर बसलेत, हिरव्या पाठीचे, एकमेकांच्या अंगावर चढून. पाकळ्या राहिल्या नाहीत, जाळी राहिलीय. पानांची चाळण झालीय. मी इथे उभा राहून बघायचं का?

मेहुणी: गेल्या वर्षी किती होते?

मी: काय माहीत. चार असतील.

मेहुणी: आणि यंदा एवढे कुठून आले, हे स्वतःला विचारलंत?

मी: यंदा हवा वाईट आहे.

मेहुणी: हवा. ती पिवळी पिशवी कोणी टांगली त्या झाडांच्या मध्ये?

मी: सापळा आहे तो. दुकानदाराने दिला. चांगला आहे, रोज भरतो.

मेहुणी: गुलाबांच्या मधोमध टांगलात?

मी: मग? भुंगेरे गुलाबांवर आहेत तर तिथेच टांगणार. तुझ्या स्वयंपाकघरात टांगू?

मेहुणी: भाऊजी, त्या पिशवीत वासाची गोळी असते. तो वास त्यांना लांबलांबून ओढून आणतो. दहा आले की दोन पिशवीत पडतात. बाकीचे वाटेत ताट मांडलेलं दिसतं, तिथे बसतात. तुम्ही अख्ख्या गल्लीच्या भुंगेऱ्यांना जेवायला बोलावलंत. आणि वाढलंत काय, तर ताईचे गुलाब.

मी: पिशवी रोज भरते, सांगितलं ना.

मेहुणी: पकडले किती ते पिशवी सांगते. बोलावले किती ते सांगत नाही.

फवारणीवाला: हे मात्र बरोबर आहे, साहेब. लोक सापळे लावायला लागल्यापासून आम्हाला फुरसत नाही.

मी: तुला विचारलं का कोणी?

फवारणीवाला: नाही. राहिलं.

मी: आणि तुला हे सगळं शहाणपण कोणी सांगितलं?

मेहुणी: ताईने. तिनेही एकदा आणला होता हाच सापळा. दोन दिवस बघितलं आणि काढून पलीकडच्या रिकाम्या मैदानाच्या टोकाला नेऊन लावला. जा म्हणाली, तिकडे जेवा.

मी: मला नाही बोलली.

मेहुणी: तुम्ही विचारलंत कधी? तुमची खुर्ची आयुष्यभर बागेकडे पाठ करून.

मी: डोळ्यावर ऊन यायचं.

मेहुणी: हो का. आणि तिच्या डोळ्यावर चांदणं पडायचं.

फवारणीवाला: साहेब, मला अजून एक ठिकाण आहे. करायचं का नाही ते सांगा, म्हणजे मी दाब सोडतो तरी.

मी: थांब जरा. हिला निघू दे.

मेहुणी: मी निघत नाही. ताई काय करायची ते तरी आठवा. तिने कधी बाटली आणली होती? साबणाचं पाणी मगात घ्यायची आणि सकाळी बागेत जायची. पानांवर दंव असतं तेव्हा ते गारठलेले असतात, उडता येत नाही. फांदीखाली मग धरायचा, फांदीला टिचकी मारायची. टपाटप पडतात. कोणाला काही त्रास नाही.

मी: केलं मी ते.

मेहुणी: तुम्ही?

मी: हो. पाण्याचा मग घेऊन गेलो, साबण घालून. सगळे उडाले. एक कानात गेला.

मेहुणी: कधी गेला होतात?

मी: जेवण झाल्यावर.

मेहुणी: दुपारी.

मी: जेवण दुपारीच असतं.

फवारणीवाला: कानात गेला तर टॉर्च लावायची कानापाशी. उजेडाकडे येतो तो.

मेहुणी: दुपारी ते पंख तापवून तयार असतात. दुपारी माश्यासुद्धा धरता येत नाहीत, भुंगेरे काय धराल. सकाळी का नाही गेलात?

मी: नाही गेलो.

मेहुणी: झोप मोडवत नाही का?

मी: झोप लागते कोणाला. जागाच असतो.

मेहुणी: मग इथवर चालत यायला काय धाड भरली होती?

मी: सकाळी बागेत ती असायची. बिछान्यातून खिडकीत दिसायची, टोपी घालून. आता त्या वेळी मी पडदा ओढतो आणि स्वयंपाकघरात जाऊन बसतो. ऊन वर आलं की पडदा उघडतो. झालं समाधान?

मेहुणी: मला कशाला समाधान होईल.

मी: तोंड तसं दिसतंय तुझं.

मेहुणी: माझं तोंड जन्मापासून असंच आहे. ऐका आता. सोपा उपाय आहे. आजच्या आज सगळी फुलं कापून टाका. उमललेली, अर्धी उमललेली, रंग दिसायला लागलेल्या कळ्यासुद्धा. खायला नाही तर थांबायचे नाहीत. औषध नको, काही नको.

मी: नाही.

मेहुणी: ऐकून तरी घ्या.

मी: ऐकलं. एकही फूल कापायचं नाही.

मेहुणी: ती फुलं उद्या तशीही राहणार नाहीत.

मी: औषध मारलं की राहतील.

फवारणीवाला: फुलं कापली तर मी मारणार कशावर?

मेहुणी: तू घरी जा.

मी: तो घरी जाणार नाही. मी बोलावलंय त्याला. चल रे, भिंतीकडून सुरू कर. वरून खाली मार, फुलाच्या आत गेलं पाहिजे.

फवारणीवाला: मॅडमचा पाय आहे नळीवर.

मेहुणी: हा घ्या, काढला. आता मी इथे उभी राहते, झाडांच्या मध्ये. मार. आधी माझ्यावर मार, मग फुलांवर.

मी: बाहेर ये तिथून. काटे आहेत.

मेहुणी: काट्यांचं मी बघते.

मी: पलीकडच्या बाजूने मार तू. ती काय सगळीकडे पुरणार आहे?

मेहुणी: पुरते की नाही बघाच. आणि तू रे, तुझं नाव-पत्ता देऊन जा. उद्या मला चक्कर आली तर कोणाकडे बोट दाखवायचं ते माहीत असलेलं बरं.

फवारणीवाला: साहेब, माफ करा. मी किड्यांचं काम करतो, माणसांचं नाही. दोन घरांचं आधी मिटवा आणि मग बोलवा.

मी: अरे थांब. मी सांगतो ना मार म्हणून.

फवारणीवाला: तुम्ही मार म्हणता, त्या माझ्यावर मार म्हणतात. मधल्या मधे मीच मरायचो.

(फवारणीवाला नळी गुंडाळतो, पंप पाठीवर घेतो आणि फाटक उघडंच टाकून निघून जातो.)

मी: झालं? पळवलंस त्याला.

मेहुणी: घाबरट होता बिचारा. सरड्यावर शूर.

मी: मला काही फरक पडत नाही. बाटली माझी आहे. शेडमध्ये जुना पंप आहे, मी स्वतः मारतो. गॅरेजात आयुष्य गेलंय, एवढा पंप मला चालवता येतो.

मेहुणी: चालवा. मी इथेच आहे. मी चुलीवर काही ठेवलेलं नाही.

मी: तुला काय जातंय बोलायला. तुझ्या माश्या मेल्या तर दुसऱ्या आणशील. पेटीसकट विकत मिळतात.

मेहुणी: गुलाबही मिळतात. दुकानात, कागदात गुंडाळून. घरपोच सुद्धा आणून देतात.

मी: हे नाही मिळत.

मेहुणी: का? सोन्याचे आहेत?

मी: तिच्या छाटणीचे आहेत.

मेहुणी: म्हणजे?

मी: म्हणजे काय म्हणजे. थंडी सरताना झाडं छाटली की मग या दिवसांत फुलं येतात. यंदाची छाटणी तिने केली. उभं राहवत नव्हतं. प्लास्टिकचं स्टूल घेतलं आणि एकेका झाडापाशी बसली. एक झाड झालं की मी तिला धरून उठवायचो, स्टूल पुढे ठेवायचो, परत बसवायचो. मी म्हटलं, कात्री दे, तू नुसतं सांग, मी कापतो. म्हणाली, तुम्ही नटबोल्ट काढल्यासारखं कापाल.

मेहुणी: म्हणाली असेल.

मी: दिवसभर चाललं होतं. मध्येच झोप लागायची बसल्या बसल्या. कात्री हातात तशीच. मी ती काढून घ्यायला गेलो की जागी व्हायची. आता फुलं आली तर ती बघायला नाही. हा बहर तिच्या कात्रीचा आहे. पुढचा येईल तो माझ्या कात्रीचा, नाहीतर कुणा माळ्याच्या. हे मी कापून बादलीत टाकू? तू म्हणतेस आणि मी टाकू?

मेहुणी: मला हे माहीत नव्हतं.

मी: कसं असेल. तू यायची बंद झाली होतीस.

मेहुणी: मी बंद झाले नव्हते. तुम्ही दारात उभे राहायचात. झोपलीय, म्हणायचात. हातातून डबा घ्यायचात आणि दार लावायचात.

मी: झोपलेली असायची.

मेहुणी: रोज? मी सकाळी आले, दुपारी आले, दिवेलागणीला आले. माणूस आजारी होतं की अस्वल?

मी: तू आलीस की ती उठून बसायची. केस विंचरा म्हणायची, चादर बदला म्हणायची, खिडकी उघडा, औषधाचा वास येतो. तुझ्याशी हसून बोलायची. तू गेलीस की दोन दिवस मान वर करायची नाही.

मेहुणी: तिने सांगितलं होतं मला येऊ देऊ नका म्हणून?

मी: नाही. ती म्हणायची येऊ द्या. मीच ठरवलं.

मेहुणी: तुम्ही कोण ठरवणारे?

मी: जेवढी ताकद उरली होती ती तुझ्यावर खर्च व्हायची. मला ती हवी होती.

मेहुणी: आणि मला नको होती?

मी: तुलाही हवी असेल. दोघांना पुरेल एवढी नव्हती.

मेहुणी: हे मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही.

मी: मी मागितलीच नाही माफी.

मेहुणी: नाही. तुमच्याकडून ती अपेक्षाही नाही.

मी: मग झालं तर. आता बाहेर ये त्या झाडांतून.

मेहुणी: नाही येत. माझंही ऐका आता. माझी ती मधली पेटी आहे ना, निळी. त्यातल्या माश्या कुठून आल्या माहीत आहे?

मी: पेट्या सगळ्या सारख्याच दिसतात मला.

मेहुणी: तुमच्या या आंब्याच्या... नाही, ते झाड पडलं नंतर. तिथे त्या कोपऱ्यात होतं. त्याच्या फांदीला थवा लटकला होता, घागरीएवढा. मी तेव्हा नवीन होते, मला घाम फुटला. ताई घरात गेली आणि उशीचा अभ्रा घेऊन आली. अभ्रा खाली धरला आणि फांदीला एक हिसका दिला. सगळा थवा अभ्र्यात. गाठ मारली आणि माझ्या हातात दिला. घे म्हणाली, सांभाळ.

मी: माझ्या उशीचा अभ्रा.

मेहुणी: असेल.

मी: असेल काय. त्या रात्री मी उघड्या उशीवर झोपलो. कापूस नाकात जात होता. अभ्रा कुठे गेला विचारलं तर म्हणाली, माहेरी गेलाय.

मेहुणी: अजून माझ्याकडेच आहे तो. परत देणार नाही.

मी: ठेव.

मेहुणी: तेव्हा तुमची फुलं तिच्या हातची, तशा माझ्या माश्याही तिच्या हातच्या. त्यांच्या पोरी, पोरींच्या पोरी. आता सांगा कोणाचं मारायचं. खाल्लं भुंगेऱ्यांनी आणि मरायचं माश्यांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी: मी माश्यांना मारायला निघालो नव्हतो.

मेहुणी: निघाला नव्हतात, पण मेल्या असत्या. मेल्यावर त्यांना तुम्ही कशासाठी निघाला होतात हे कोण समजावणार?

मी: मग मी काय करू? तुला वाटतं मला कळत नाही? दुसरं काही जमतच नाही मला. सापळा लावला तर तो उलटला. साबणाचा मग घेऊन गेलो तर उडून गेले. आता तू म्हणतेस कापा. मी हे एवढंच वाचवायला बघतोय.

मेहुणी: वाचत नाहीये ते. इथे खाली बसा. बसा म्हणते. या झाडाच्या बुडाशी माती उकरा.

मी: कशाला?

मेहुणी: उकरा. तुम्ही गॅरेजवाले, गाडीच्या खाली शिरून बघायची सवय आहे तुम्हाला. बागेतसुद्धा खालूनच बघावं लागतं.

मी: ओली आहे माती. काही नाही इथे.

मेहुणी: बोटभर खाली जा.

मी: हे पांढरे दाणे कसले?

मेहुणी: अंडी. त्यांचीच. वर पोटभर खायचं आणि माद्यांनी खाली उतरून मातीत अंडी घालायची. परत वर जायचं, परत खायचं. यातून हुमणी निघते. पांढरी, जाड अळी. ती मुळं खाते. वरून काही दिसत नाही. एके दिवशी झाड मान टाकतं. ओढून बघितलं तर हातात येतं, खाली मूळच नाही.

मी: तू माश्यांसाठी बोलतेस हे.

मेहुणी: माश्यांसाठी बोलतेच आहे. पण अंडी मी आणून टाकलेली नाहीत.

मी: इथेही आहेत. इथेही.

मेहुणी: असणारच. जितके दिवस ही फुलं, तितके दिवस त्या इथे मुक्कामाला. तुम्ही औषध मारलंत तर आजचे मरतील. उद्या तुमच्या पिवळ्या पिशवीच्या वासाने नवीन येतील. अंडी घालायचं थांबणार नाही.

मी: म्हणजे फुलं ठेवली तर झाडं जातील.

मेहुणी: सगळी नाही जाणार कदाचित. पण जातील.

मी: तिने लावलेली झाडं.

मेहुणी: हो.

मी: आणि फुलं काढली तर?

मेहुणी: उपाशी राहिले की उडून जातात. त्यांचा दंगा थोडे दिवस असतो. मग झाडं पुन्हा कळ्या धरतात. झालेल्या अंड्यांचं म्हणाल तर माती हलवू, पाखरं वेचतील. जमेल तेवढं करू.

मी: ती नवीन फुलं तिची नसतील.

मेहुणी: नसतील.

मी: तू जरा खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

मेहुणी: तुम्हाला पटलं नसतं.

मी: आधी तो सापळा काढतो. कुठे नेऊन टाकला होता तिने, मैदानाच्या टोकाला?

मेहुणी: टोकाला. पण आत्ता पिशवीचं तोंड बांधा आणि फाटकाबाहेर ठेवा. मी जाताना नेते.

मी: भरलीय. वळवळतंय आत.

मेहुणी: तुमचेच पाहुणे आहेत. घाबरता काय.

मी: कात्री शेडमध्ये आहे, खिळ्याला. तेल लावून ठेवलेली आहे तिने. तू हात लावायचा नाहीस तिला.

मेहुणी: नाही लावत. तुम्ही आणा. मी बादलीत साबणाचं पाणी करते. साबण कुठे असतो?

मी: मोरीत. निळा डबा. नाही, तो कपड्यांचा. कोणता चालतो?

मेहुणी: भुंगेऱ्याला कोणताही चालतो. आणा तो.

मी: हं. ही बादली, ही कात्री. आता सांग, कुठे कापायचं?

मेहुणी: मला काय माहीत? मी माश्या पाळते.

मी: तू तिची बहीण ना?

मेहुणी: तुम्ही तिचे नवरे ना?

मी: फुलाच्या खाली कापायचं, एवढं कळतं मला. किती खाली?

मेहुणी: पानं बघायची ती काहीतरी. तीन पानांचं असलं तर नाही, पाच पानांचं असलं तर हो. की उलटं?

मी: चुकीचं कापलं तर?

मेहुणी: नटबोल्ट काढू नका म्हणजे झालं.

मी: थांब. ही फांदी बघ. इथे, खाली. हा तिचा काप आहे.

मेहुणी: कुठे? पान बाजूला करा. हां. तिरका आहे.

मी: या फांदीवरही तिरका. हा बघ, हाही. सगळे डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरासे वर, आणि उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला.

मेहुणी: पाणी डोळ्यावर साचू नये म्हणून असेल.

मी: असेल. एकही वेडावाकडा नाही. हात थरथरत होता तिचा, मी बघत होतो. तरी एकही नाही.

मेहुणी: हा शेवटच्या झाडाचा जरा जास्त खोल आहे.

मी: तेव्हा संध्याकाळ झाली होती.

मेहुणी: तसंच कापा मग. पान नका मोजू. त्याच्यासारखं तिरकं, डोळ्याच्या वर.

मी: आणि हा तिचा काप?

मेहुणी: तो तिथेच राहतोय की. फूल वर आहे, तो खाली आहे. त्याला कोण हात लावतंय?

मी: बरं. फांदी धर. नीट धर, हलवू नकोस, उडतील.

मेहुणी: धरलीय. बादली खाली सरकवा. आता कापा आणि फुलासकट सोडा आत.

मी: पडलं.

मेहुणी: दाबून धरा पाण्यात. वर येतात ते. पुढचं.

मी: हे पांढरं तिचं आवडतं होतं.

मेहुणी: तिचं आवडतं ते लाल होतं. पांढरं तुमच्यासाठी लावलं होतं तिने. तुम्ही एकदा चांगलं दिसतं म्हणालात म्हणून.

मी: मी कधी म्हणालो?

मेहुणी: मला काय माहीत. तिने सांगितलं ते सांगते. कापा.

मी: कापतो. घाई करू नकोस.

मेहुणी: घाई नाही करत. पण हे झालं म्हणून आपलं काही मिटलं असं समजू नका.

मी: मी कुठे समजतोय.

मेहुणी: दाराचं मी विसरणार नाही.

मी: नको विसरूस. फांदी सोडलीस तू.

मेहुणी: काटा लागला.

मी: सांगितलं होतं काटे आहेत म्हणून. हात दाखव.

मेहुणी: काही नाही झालं. पुढचं घ्या. ते कोपऱ्यातलं राहिलंय.

मी: त्यात काही उरलंच नाही. नुसता देठ आणि भुंगेरे.

मेहुणी: तेच आधी घ्या मग. बादली जवळ आणा. हं. हेही झालं.

मी: ही एक कळी अजून धड आहे. कोणी शिवलेलं नाही तिला.

मेहुणी: रंग दिसतोय तिचा. काढा तीही. उद्या उमलली की वास सुटेल.

मी: बादलीत टाकू?

मेहुणी: नाही. घरात न्या.

मी: ती तोडलेलं फूल घरात आणू द्यायची नाही. झाडावरच चांगलं दिसतं म्हणायची.

मेहुणी: माहीत आहे मला.

मी: पेल्यात पाणी किती घालायचं असतं?

मेहुणी: देठ बुडेल एवढं.